क्लिनिकल ट्रायल: रुग्ण, गावातले डॉक्टर आणि संशोधक यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रायलमध्ये बसू शकणारा रुग्ण तिथे पोहोचत नाही, तेव्हा दर वेळी त्याने नकार दिलेला असतोच असे नाही. पहिला डोस आधीच देऊन झालेला असतो, बायोप्सीचा ब्लॉक (काढलेल्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा) लॅबमध्येच राहिलेला असतो, किंवा विचारायचे कोणाला हेच माहीत नसते. पुढची बरीच उत्तरे या तीन अडचणींभोवती फिरतात. नियमांचा उल्लेख आहे तिथे आधार केंद्र सरकारच्या ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९’चा आहे.

रुग्ण आणि नातेवाईक

प्रश्न: ट्रायल म्हणजे रक्ता-लघवीच्या तपासणीसारखीच चाचणी का?

नाही. मराठीत दोन्हींना ‘चाचणी’ म्हणतात, म्हणून घोळ होतो. रक्ततपासणीत तुमच्या शरीरात काय चालले आहे ते पाहतात. ट्रायलमध्ये एखादा उपचार माणसांवर किती चालतो आणि किती सुरक्षित आहे हे पाहतात. हा उपचार नवे औषध किंवा लसच असते असेही नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांवर स्तनाच्या कॅन्सरच्या १६०० स्त्रियांवर ट्रायल झाली. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करायचे तेच स्वस्त इंजेक्शन, द्यायचे एवढाच उपचार होता. पाच वर्षांनंतर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के.

प्रश्न: म्हणजे आमच्यावर प्रयोग करणार?

हो, शब्द तोच आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. फक्त हा प्रयोग लेखी आराखड्याप्रमाणे, औषध महानियंत्रकांच्या, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांच्या, परवानगीने (नव्या औषधांसाठी) आणि सहभागींचे हित जपणाऱ्या एथिक्स कमिटीच्या देखरेखीखाली होतो. कमिटीत किमान सात सदस्य लागतात. निम्मे त्या रुग्णालयाशी संबंध नसलेले, अध्यक्षही बाहेरचे. एक कायद्याचा जाणकार, एक स्त्री आणि एक सर्वसामान्य नागरिक असावाच लागतो. कोणी तुम्हाला लेखी कागद न देता ‘नवीन औषध आलंय, घेऊन बघा’ म्हणाले, तर ती ट्रायल नव्हे, आणि तिथे ‘नाही’ म्हणणेच बरे.

प्रश्न: ट्रायल फक्त मुंबई-पुण्यात होतात ना?

नव्या रेणूची (आधी कधी न वापरलेल्या औषधाची) पहिल्या टप्प्यातली, म्हणजे माणसांवर पहिल्यांदाच होणारी ट्रायल बहुतेक मोठ्या शहरात होते, कारण तिथे चोवीस तास आयसीयू आणि रक्ताचे नमुने तासातासाला घेणारी माणसे लागतात. पण जगभर वाचले गेलेले काही अभ्यास आपल्या खेड्यांत झाले आहेत. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने १९९३ ते १९९८ मध्ये ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी देऊन ४७ गावांशी तुलना केली. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी अभ्यास झाला. आयुष्यात एकदा केलेली एचपीव्हीची (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) तपासणीही मृत्यू कमी करते, हे २००९ मध्ये त्यातून पुढे आले. रोटाव्हॅक या, बाळांच्या रोटाव्हायरसच्या जुलाबांवरच्या देशी लशीच्या तिसऱ्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये ६७९९ बाळे होती. दिल्ली आणि वेल्लोरबरोबर तिसरे केंद्र पुण्याच्या केईएमचे, पुण्याजवळच्या वढू भागातले होते.

प्रश्न: माझ्या आजारासाठी ट्रायल चालू आहे का, हे घरबसल्या कसे बघायचे?

सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) ही भारतातल्या ट्रायलची सार्वजनिक नोंदवही आहे. जुलै २००७ मध्ये ती सुरू झाली. औषध महानियंत्रकांनी १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची केली, आणि एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. जमीन घेताना आपण सातबारा बघतो, तसा होकार देण्याआधी सीटीआरआय क्रमांक बघावा. त्यात आधी वर्ष, मग महिना, मग अनुक्रमांक असतो. क्रमांक सांगायला कोणी टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबावे.

शोधताना आजाराचे नाव इंग्रजीत टाकावे लागते आणि एकाच नावावर भागत नाही. ‘ब्रेस्ट कॅन्सर’ने जे सापडत नाही ते ‘कार्सिनोमा ब्रेस्ट’ने सापडते. नोंद उघडल्यावर तीन गोष्टी बघा: भारतातल्या भरतीची स्थिती (ट्रायलमध्ये रुग्ण घेणे चालू आहे का), केंद्रांची यादी (यात गाव, रुग्णालय आणि तिथल्या मुख्य डॉक्टरचे नाव असते), आणि लोकांच्या शंकांसाठी दिलेला संपर्क. ‘भरती सुरू’ असे लिहिलेले असले तरी फोन करूनच निघा. स्थिती बदलल्यावर नोंद ताबडतोब सुधारण्याची तत्परता सगळेच दाखवत नाहीत. राज्यभराचा प्रवास करून ‘भरती गेल्या महिन्यात संपली’ हे ऐकावे लागू नये.

प्रश्न: सगळे रिपोर्ट घेऊन गेलो, तरी ‘तुम्ही बसत नाही’ म्हणाले. का?

प्रत्येक ट्रायलला कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही याची यादी असते. वय, आजाराची पायरी, किडनी-लिव्हरचे आकडे, आधीचे उपचार. क्रिअॅटिनिन (किडनीचा आकडा) थोडे जास्त निघाले तरी डॉक्टरांना सूट देता येत नाही. पण सर्वांत हळहळ लावणारे कारण म्हणजे उपचार आधीच सुरू झालेला असणे. ‘आधी काहीही उपचार न घेतलेले’ रुग्ण हवेत अशी अट अनेक ट्रायलना असते. केमोचे एक सायकल दिले की दार बंद. लिम्फोमाचा (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरचा) संशय असताना बायोप्सीआधीच स्टिरॉइड सुरू झाले, तर गाठ आकसते आणि निदानही अडकते.

तेव्हा विचारायची वेळ निदान हातात आल्यावर आणि पहिला डोस घेण्याआधी. डॉक्टरांना सरळ विचारा: ‘मला बसेल अशी ट्रायल कुठे आहे का, आणि चौकशीसाठी चार दिवस थांबले तर चालेल का?’ थांबणे धोक्याचे असेल (रक्ताचा तीव्र कॅन्सर, वाढता जंतुसंसर्ग) तर थांबू नका.

प्रश्न: खर्च कोणाचा? पैसे मिळतात का?

ट्रायलचे औषध आणि ट्रायलपुरत्या तपासण्या यांचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत. नेहमीच्या उपचाराचा खर्च मात्र कधी प्रायोजक (ट्रायल करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) करतो, कधी करत नाही. ते माहितीपत्रकात लिहिलेले असते, नसेल तर लिहून मागा. प्रवासखर्च, बुडालेली मजुरी यासाठी एथिक्स कमिटीने मान्य केलेली रक्कम मिळू शकते. एसटीची तिकिटे जपून ठेवा. सोबत येणाऱ्या माणसाचा खर्च धरला आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा, कारण बहुतेक वेळा तो राहून जातो.

प्रश्न: मला खरे औषध मिळेल की खोटी गोळी?

ते ना तुम्ही ठरवता ना डॉक्टर. चिठ्ठी टाकावी तसे संगणक ठरवतो, आणि पुष्कळदा कोणाला काय मिळाले हे दोघांनाही माहीत नसते. कॅन्सरसारख्या आजारात नुसती खोटी गोळी देऊन सोडून देत नाहीत. नेहमीचा उपचार सगळ्यांना, त्यावर एका गटाला नवे औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी, अशी रचना बहुधा असते. ‘तुलनेच्या गटाला नेमके काय मिळणार?’ हा प्रश्न विचाराच. उस्मानाबादच्या अभ्यासावरही, तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, अशी टीका झाली होती.

प्रश्न: संमतीपत्रात शिक्षण, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचे नाव कशाला?

वारसाचे नाव भरपाईसाठी. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर पैसे कोणाला द्यायचे, ते त्यावरून ठरते. ती ओळ मोकळी सोडू नका. उत्पन्नाचा रकाना बघून ‘गरिबाला कमी देतील’ अशी भीती वाटते, पण भरपाईच्या सूत्रात उत्पन्न धरलेलेच नाही. सही झाल्यावर माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, आणि अडचणीच्या वेळी लागणारे फोन नंबर त्यावरच असतात.

प्रश्न: आईला लिहिता-वाचता येत नाही. मुलाने सही केली तर चालेल का?

नुसते वाचता येत नाही म्हणून तिच्या वतीने दुसऱ्याने संमती देऊन टाकायची नसते. सगळी माहिती तिला वाचून दाखवतात, तिथे ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असतो, ती अंगठा उमटवते आणि साक्षीदार सही करतो. वॉर्डातली नर्स किंवा ट्रायलचा कोऑर्डिनेटर (भेटी आणि कागदपत्रे सांभाळणारा माणूस) हा असा साक्षीदार नव्हे. नवा रेणू आणि दुर्बल परिस्थितीतला सहभागी असेल तर समजावून सांगण्याच्या सगळ्या प्रक्रियेचे व्हिडिओ चित्रीकरण करावे लागते. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांत फक्त आवाज नोंदवतात, चेहरा नाही. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात.

प्रश्न: मधेच सोडता येते का?

कधीही, कारण न देता, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार अडत नाहीत. फक्त न सांगता गोळ्या बंद करू नका. काही औषधे हळूहळू कमी करावी लागतात, आणि शेवटची एक तपासणी तुमच्याच भल्याची असते.

प्रश्न: रात्री घरी अचानक त्रास झाला तर?

जवळच्या दवाखान्यात जा. ट्रायल सेंटरला पोहोचण्याची वाट बघू नका. तिथल्या डॉक्टरांना ट्रायलचे ओळखकार्ड दाखवा आणि त्यावरच्या नंबरवर त्यांना बोलायला सांगा. कोणते औषध मिळाले हे कळल्याशिवाय उपचार करता येत नसतील तर कोड उघडण्याची, म्हणजे तुम्हाला काय मिळाले ते बघण्याची, सोय असते. भरती व्हावे लागले, जीवाला धोका झाला किंवा मृत्यू झाला, तर ट्रायलच्या डॉक्टरांनी २४ तासांत औषध महानियंत्रक, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवायचे असते. इथे नेहमी होणारी चूक अशी की रुग्ण गावात चार दिवस भरती राहतो, बरा होतो आणि पुढच्या भेटीत सहज सांगतो, तेही डिस्चार्ज कार्ड घरी ठेवून. तेव्हा भरती झाल्याच्या दिवशीच फोन करा आणि कागद जपा.

प्रश्न: नुकसान झाले तर किती भरपाई मिळते?

आधी उपचार. दुखापत ट्रायलमुळे नाही असे सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेपर्यंत ते मोफत असतात. मृत्यू ट्रायलमुळे झाला असे ठरल्यास सूत्र आहे: ८ लाख रुपये गुणिले वयाचा आकडा गुणिले जोखमीचा आकडा, भागिले ९९.३७. वय ६५ किंवा जास्त असेल तर वयाचा आकडा ९९.३७ च असतो, १६ किंवा कमी असेल तर २२८.५४. जोखमीचा आकडा, सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची आशा नसलेल्या रुग्णासाठी ०.५ आणि निरोगी स्वयंसेवकासाठी ४. म्हणजे मध्यम जोखमीच्या (आकडा २) ६५ वर्षांच्या रुग्णाच्या वारसाला १६ लाख. कायमचे अपंगत्व पूर्ण १०० टक्के असेल तर मृत्यूच्या रकमेच्या ९० टक्के, कमी असेल तर त्या प्रमाणात. आदेश निघाल्यावर प्रायोजकाने ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात.

खरा वाद रकमेवर होत नाही, ‘ट्रायलमुळे झाले का’ यावर होतो. म्हणून वर कागद जपायला सांगितले.

प्रश्न: ट्रायल संपल्यावर तेच औषध मिळत राहील का?

आपोआप नाही. औषधाचा फायदा झाला, दुसरा उपचार नाही, ट्रायलच्या डॉक्टरांनी शिफारस केली, एथिक्स कमिटीने मान्यता दिली आणि तुम्ही लेखी संमती दिली, तर प्रायोजकाने ते मोफत पुरवावे असा नियम आहे. हे शेवटच्या भेटीच्या महिनाभर आधी विचारा.

प्रश्न: वैद्यांचे चूर्ण चालू आहे, श्रावणात उपवासही असतात. सांगायलाच हवे का?

हवे. काढे, चूर्ण, झंडूची डबी, दुखण्यावरची दुकानातली गोळी, सगळे. उपवासाचेही सांगा, कारण ‘जेवणानंतर’ची गोळी साबुदाण्याच्या खिचडीवर घेतली तर चालेल का, हे औषधावर ठरते. रागावतील म्हणून लपवलेली गोष्ट लिव्हरच्या रिपोर्टमध्ये उघडी पडते, आणि मग दोष कोणत्या औषधाचा ते कळत नाही.

तालुक्यातले डॉक्टर

प्रश्न: रुग्ण ट्रायलसाठी पाठवायचा तर सोबत काय द्यावे?

‘पाहून घ्यावे’ अशी चिठ्ठी पुरत नाही. हे द्या: निदानाची तारीख, आजवरच्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, सुरू-बंद केल्याच्या तारखा (शेवटच्या डोसची तारीख सर्वांत महत्त्वाची, कारण आधीच्या औषधाचा असर जाण्यासाठी ठरावीक दिवस सोडावे लागतात), ताजे सीबीसी, क्रिअॅटिनिन, लिव्हरच्या तपासण्या, त्या लॅबच्या नॉर्मल आकड्यांसह, स्कॅनची सीडी, नुसता कागद नाही, आणि गाठीच्या आजारात बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक. ब्लॉकवरच सगळे अडते. रिपोर्ट मिळाला की नातेवाईक निघून जातात, ब्लॉक लॅबच्या कपाटात राहतो, आणि ट्रायल सेंटरला नव्या तपासण्या त्या ब्लॉकवरच करायच्या असतात. पाठवताना लॅबकडून ब्लॉक सही करून घ्यायला सांगा. उन्हाळ्यात तो एसटीच्या खिडकीशी ठेवू नये, मेण वितळते.

प्रश्न: पाठवला की रुग्ण तुटतो. परत येत नाही.

ही तक्रार खरी आहे, आणि दोष बहुधा मोठ्या केंद्राचा असतो: तिथून उलट पत्रच येत नाही. पाठवतानाच कोऑर्डिनेटरशी बोलून ठरवा की दोन भेटींमधली साधी रक्ततपासणी, ड्रेसिंग, रक्तदाब तुमच्याकडे होईल का आणि टाळायच्या औषधांची यादी तुम्हाला मिळेल का. ही यादी तुमच्या टेबलावर नसेल तर तुम्ही सर्दीला दिलेले साधे अँटिबायोटिकही रुग्णाला ट्रायलबाहेर काढू शकते.

प्रश्न: रुग्ण पाठवल्याबद्दल मानधन मिळते का?

नाही. रुग्ण पाठवण्याबद्दल पैसे घेणे-देणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत निषिद्ध आहे. ट्रायलचे नाव दिले म्हणून कट प्रॅक्टिस वेगळी होत नाही. करारात तुमचे काम लिहिलेले असेल (तपासणी, नोंदी) तर त्या कामाचा मोबदला वेगळा, आणि तो एथिक्स कमिटीसमोर गेलेला असावा.

प्रश्न: छोट्या गावात राहून स्वतः ट्रायल करता येते का?

महाडला झाली आहे. विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध एकटे द्यावे की त्यासोबत प्रतिविषही द्यावे, याचा ७० रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास डॉ. हिम्मतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी केला, आणि तो २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. प्रश्न त्यांच्या ओपीडीतून निघालेला होता. शहरातल्या केंद्राला इतके विंचूदंश मिळालेही नसते.

लागते ते असे: विषयातली पात्रता, चांगल्या क्लिनिकल पद्धतीचे (जीसीपी) प्रशिक्षण, तातडीच्या उपचारांची सोय, पूर्ण वेळ एक कोऑर्डिनेटर, कुलूपबंद कपाट, आणि लस किंवा इंजेक्शन असेल तर २ ते ८ अंशांचा फ्रीज, तापमानाच्या रोजच्या नोंदीसह. लोडशेडिंगमध्ये तापमान घसरले-वाढले तर ते औषध वापरायचे नाही, फेकायचेही नाही. बाजूला ठेवून प्रायोजकाला कळवायचे. स्वतःच्या रुग्णालयात एथिक्स कमिटी नसेल तर त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली नोंदणीकृत कमिटी चालते.

संशोधक

प्रश्न: केंद्राने महिन्याला २० रुग्ण देऊ म्हटले, प्रत्यक्षात तीनच आले. असे का होते?

अमेरिकी औषधशास्त्रज्ञ लुई लसान्या यांच्या नावाने हा नियमच ओळखला जातो: ट्रायल सुरू झाली की रुग्ण नाहीसे होतात. डॉक्टर आजाराचे रुग्ण आठवतात, अटींत बसणारे नाही. अंदाज विचारू नका. चार आठवडे ओपीडीत नोंदवही ठेवायला सांगा: किती आले, किती अटींत बसले, कोणत्या अटीवर किती गळाले. एकाच अटीवर निम्मे गळत असतील तर ती अट खरेच हवी का, हे आराखडा पक्का होण्याआधी बघता येते.

प्रश्न: मराठी संमतीपत्र एथिक्स कमिटीने परत पाठवले. बरोबर भाषांतर करूनही?

‘यादृच्छिकीकरण’ लिहिले असेल तर परत यायलाच हवे. ‘चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल’ लिहा. ‘प्रतिकूल घटना’ऐवजी ‘औषधाने होऊ शकणारा त्रास’, रक्त ‘१० मिली’ऐवजी ‘दोन चहाचे चमचे’. मसुदा मोठ्याने वाचून दाखवा, आणि ऐकणाऱ्याला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. नंदुरबारमध्ये भिली-पावरी बोलणाऱ्यांना पुस्तकी मराठीही परकी असते. तिथे तोंडी समजावणारा माणूस त्याच भाषेचा हवा.

प्रश्न: फॉलोअपला लोक येत नाहीत.

आधी पंचांग आणि पीकपाणी बघा. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास निघतो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. सहा महिन्यांची भेट मधेच ठेवली तर तो कारखान्याच्या तळावर असणार. आषाढी वारीचे दिवस, पेरणीचा आठवडा, गावची जत्रा तशीच. भेटीला आराखड्यात दोन दिवसांऐवजी सात दिवसांची मुभा शास्त्राला चालत असेल तर ती सुरुवातीलाच ठेवा, नंतर प्रत्येक उशीर ‘विचलन’ (आराखडा मोडला) म्हणून नोंदवावा लागतो. मोबाइल नंबर तीन घ्या: रुग्णाचा, घरातल्या दुसऱ्याचा आणि आशाताईंचा किंवा शेजाऱ्याचा. मात्र त्या दोघांना फोन करायला रुग्णाची लेखी परवानगी हवी, आणि आजाराचे नाव फोनवर काढायचे नाही. घरात फोन एकच असतो आणि तो बहुधा मुलाच्या खिशात असतो.

प्रश्न: निकाल सहभागींना कळवायचा कसा?

एक पान, मराठीत: काय शोधत होतो, काय सापडले, तुमच्या उपचारात त्यामुळे काही बदलायचे का. औषध निकामी ठरले तरी पाठवा. ज्या डॉक्टरांनी रुग्ण पाठवला त्यांनाही तेच पान द्या. पुढच्या ट्रायलच्या वेळी ते फोन उचलतील.